अमेरिकन फुटबॉलचा सामना पहिल्यांदा पाहताना: चेंडूच्या आधी काय बघायचं

नोकरीनिमित्त न्यू जर्सी किंवा डॅलसकडे नव्याने गेलेलं मराठी कुटुंब पहिल्या थँक्सगिव्हिंगला कुणाच्या तरी घरी टीव्हीसमोर बसतं आणि तासाभरात "नुसती ढकलाढकली आणि जाहिराती" असं म्हणून उठतं. भारतात सोमवारी पहाटे पाचला उठून सुपर बोल (हंगामाचा अंतिम सामना) लावणाऱ्यांचंही बहुतेकदा हेच होतं. खेळ अवघड आहे म्हणून असं होत नाही, बघण्याचा क्रम उलटा असतो म्हणून होतं. नवखा प्रेक्षक आधी चेंडू शोधतो, तो सापडेपर्यंत शिट्टी वाजलेली असते आणि पुढची अर्धी मिनिट काय चाललंय ते कळत नाही.

क्रम असा ठेवा: आधी डाउन (पुढे जायची एक संधी) आणि अंतर, मग घड्याळ, मग माणसांची मांडणी आणि चेंडू सगळ्यात शेवटी. खालचे टप्पे याच हिशेबाने लावलेत. मधला एखादा टप्पा गाळून पुढे गेलात तर पुढचं डोक्यावरून जाईल. नियम एनएफएलचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे धरलेत. शाळा-कॉलेजच्या खेळातले महत्त्वाचे फरक शेवटी दिलेत.

## १. बसण्याआधीची तयारी

हायलाइट्सवर शिकू नका. त्यात लांब पास आणि उड्या मारून घेतलेले झेल असतात, पण त्याआधी कितवा डाउन होता आणि किती यार्ड हवे होते हे कापलेलं असतं. या खेळाचा अर्थ नेमका तिथेच आहे. पूर्ण सामना निवडा.

पहिला सामना सुपर बोल नको. त्या दिवशी घरात पाहुणे असतात, मध्यंतर लांबतं आणि कुणालाच तुमच्या शंकांसाठी वेळ नसतो. सप्टेंबर ते जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत दर रविवारी साधे साखळी सामने असतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारी एकला सुरू होणारा सामना भारतात रात्री साडेदहाला येतो आणि नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळं मागे गेली की साडेअकराला. थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारी डेट्रॉइट आणि डॅलस हे दोन संघ दरवर्षी आपापल्या घरच्या मैदानावर खेळतात. तो मुहूर्तही चालेल.

थांबवता आणि मागे नेता येईल असं प्रक्षेपण घ्या. पहिल्या दोन सामन्यांना हे फार उपयोगी पडतं.

पडद्यावरची पट्टी आधी वाचायला शिका. त्यात दोन्ही संघांचे गुण, कितवा क्वार्टर, उरलेला वेळ, उरलेले टाइमआउट (नावाखालच्या छोट्या रेघा) आणि "थर्ड अँड सेव्हन" (तिसरा डाउन, सात यार्ड हवेत) अशा धर्तीची जोडी असते. शेजारी भराभर उतरणारा आणखी एक लहान आकडा दिसला तर ते प्ले क्लॉक. तो शून्यावर जायच्या आत चेंडू खेळात आणावा लागतो.

तपासा: चित्र कुठेही थांबवा. चेंडू कुणाकडे आहे, कितवा डाउन आहे, किती यार्ड हवेत? ही तीन उत्तरं पाच सेकंदांत आली की पुढे चला.

## २. मैदान

दोन गोल रेषांमधलं अंतर १०० यार्ड. दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचे एंड झोन. समोरच्यांच्या एंड झोनमध्ये चेंडू न्यायचा, हा खेळाचा हेतू. एक यार्ड म्हणजे तीन फूट.

गोंधळ होतो तो आकड्यांनी. ते शंभरपर्यंत चढत जात नाहीत. दोन्ही गोल रेषांकडून ५० पर्यंत चढतात आणि मध्यरेषेपासून पुन्हा उतरतात, म्हणून मैदानावर २० ची रेघ दोनदा असते. समालोचक "आपल्या वीसवर" म्हणाला तर अजून ८० यार्ड जायचेत आणि "समोरच्यांच्या वीसवर" म्हणाला तर फक्त २०. रेघ कुणाच्या बाजूची, हे दर वेळी मनाशी म्हणायची सवय लावा.

टीव्हीवर दिसणारी पिवळी रेघ म्हणजे जिथवर पोचायचंय ती जागा.

सावधान: पिवळी रेघ मैदानावर नसते, ती संगणकाने चित्रावर काढलेली असते. निर्णय पंच चेंडू कुठे ठेवतात यावर होतो. चेंडू रेघेच्या जेमतेम अलीकडे-पलीकडे दिसला तर पंचांची खूण होईपर्यंत थांबा.

## ३. डाउन, म्हणजे सगळ्या खेळाचा कणा

चेंडू ज्यांच्याकडे तो ऑफेन्स, समोरचा डिफेन्स. ऑफेन्सला १० यार्ड पुढे जायला चार संधी मिळतात. प्रत्येक संधी म्हणजे एक डाउन. चारांत दहा यार्ड झाले की मोजणी पुन्हा पहिल्यापासून, नवे चार डाउन. झाले नाहीत तर चेंडू समोरच्यांकडे.

कागद-पेन्सिल घेऊन पुढची मालिका एकदा मांडाच:

- ऑफेन्स आपल्या ३० वर. फर्स्ट अँड टेन. ४० गाठायचं आहे.
- धावून ३ यार्ड मिळाले. चेंडू ३३ वर. सेकंड अँड सेव्हन.
- पास फेकला, खाली पडला. चेंडू परत ३३ वरच. थर्ड अँड सेव्हन.
- पास झेलला, ९ यार्ड मिळाले. चेंडू ४२ वर, म्हणजे ४० ओलांडलं. पुन्हा फर्स्ट अँड टेन. आता लक्ष्य समोरच्यांचं ४८.
- क्वार्टरबॅकला (ऑफेन्सचा पास फेकणारा खेळाडू) पास फेकण्याआधीच मागे ३६ वर पाडलं. याला सॅक म्हणतात. ६ यार्ड गेले. सेकंड अँड सिक्स्टीन.

इथे तीन चुका नेहमी होतात. पहिली: पास जमिनीवर पडला की चेंडू समोरच्यांना गेला असं वाटतं. तसं नाही. फक्त एक डाउन वाया जातो आणि चेंडू जिथून सुरू झाला तिथेच परत येतो. दुसरी: जास्तीचे यार्ड पुढच्या खात्यात जमा होतात असं वाटतं. वरच्या मालिकेत ४० ऐवजी ४२ गाठलं म्हणून पुढे आठच यार्ड लागत नाहीत, नव्याने दहाच लागतात. तिसरी: "फर्स्ट अँड गोल" ऐकून गडबडून जाणं. गोल रेषाच दहा यार्डांच्या आत असेल तेव्हा अंतराऐवजी "गोल" म्हणतात. मधे नवा फर्स्ट डाउन मिळायला जागाच नसते, चार संधींत एंड झोन गाठायचा.

आकड्यांवरून पुढचा अंदाजही बांधता येतो. सेकंड अँड टू असेल तर ऑफेन्स मोकळं असतं, काहीही करून पाहू शकतं. थर्ड अँड ट्वेल्व्ह असेल तर पास येणार हे स्टेडियममधल्या सगळ्यांना माहीत असतं, डिफेन्सला तर नक्कीच. म्हणूनच थर्ड डाउनला घरचे प्रेक्षक ओरडून कान किटवतात, समोरच्या क्वार्टरबॅकचा आवाज त्याच्याच माणसांना ऐकू जाऊ नये म्हणून.

तपासा: आवाज बंद करून एक पूर्ण मालिका पाहा. प्रत्येक प्लेनंतर पट्टी हाताने झाका आणि पुढचा डाउन व अंतर स्वतः सांगा. सलग पाच बरोबर येईपर्यंत पुढचा टप्पा नको.

## ४. स्नॅपच्या आधीचे काही क्षण

सेंटर पायांमधून चेंडू मागे देतो तो स्नॅप, तिथून प्ले सुरू. क्रिकेटमध्ये दोन चेंडूंच्या मधे क्षेत्ररक्षण बदलतं तशीच इथे दर प्लेआधी सगळी मांडणी बदलते, आणि नवखा प्रेक्षक नेमका तेव्हाच फोन बघत असतो. फोन खाली ठेवा आणि या क्रमाने पाहा.

आधी ऑफेन्सची मधली पाच माणसं. सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल. ही ऑफेन्सिव्ह लाइन. पाठीवर ५० ते ७९ मधले आकडे. यांनी पास झेलायचा नसतो, यांचं काम वाट अडवणं किंवा वाट काढणं. वर्तमानपत्रात यांची नावं येत नाहीत, पण माझ्या मते खेळ कळायला सगळ्यात आधी यांच्याकडे बघायला हवं.

मग क्वार्टरबॅक कुठे आहे. सेंटरला चिकटून की चार-पाच यार्ड मागे? मागच्या उभं राहण्याला शॉटगन म्हणतात. त्याला समोर बघायला थोडा जास्त वेळ मिळतो.

मग उरलेले पाच. त्यात रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) मागे, वाइड रिसीव्हर (पास झेलणारा) कडेला आणि टाइट एंड लाइनच्या टोकाला, असं मिश्रण असतं. कडेला चार-पाच पसरले तर पासची शक्यता जास्त. सगळे मधे दाटीने उभे राहिले तर धाव.

शेवटी डिफेन्सचा मागचा भाग. सगळ्यात मागे उभे असतात त्यांना सेफ्टी म्हणतात. दोघे खोल मागे असतील तर लांब पास अवघड. एक पुढे सरकून लाइनजवळ आला तर धाव अडवायची तयारी आहे किंवा क्वार्टरबॅकवर धाड येणार आहे.

सावधान: पहिल्या सामन्यात २२ माणसांची नावं-जागा पाठ करू नका. पाच लाइनवाले, क्वार्टरबॅक आणि मागचे सेफ्टी एवढं दिसलं तरी बास.

## ५. चेंडू सुटल्यावर नजर कुठे ठेवायची

स्नॅप झाला की पहिला सेकंद चेंडूकडे बघूच नका, लाइनकडे बघा. पाचही जण पुढे झेपावले तर धाव. दोन पावलं मागे सरून क्वार्टरबॅकभोवती अर्धवर्तुळ केलं तर पास. पास सुटण्याआधी एका यार्डापेक्षा जास्त पुढे जायची त्यांना परवानगी नसते, त्यामुळे त्यांना फार खोटं वागता येत नाही. क्वार्टरबॅक रनिंग बॅकला चेंडू दिल्याचं सोंग करून मग पास फेकतो, त्या प्ले-अ‍ॅक्शनमध्येही बहुतेकदा तुम्हाला लाइनच खरं सांगते.

दुसऱ्या सेकंदाला क्वार्टरबॅक, आणि चेंडू हातातून सुटला की मग चेंडू.

या टप्प्यावर एवढे नियम पुरतात. पुढच्या दिशेला पास एका प्लेमध्ये एकदाच आणि तोही जिथून प्ले सुरू झाला त्या रेघेच्या मागूनच. आडवा किंवा मागे कितीही वेळा. झेल धरला तर तो मैदानाच्या आत दोन्ही पाय टेकवून. समोरच्यांनी पास झेलला तर इंटरसेप्शन, चेंडू त्यांचा. धावणाऱ्याच्या हातून निसटला तर फंबल, उचलेल त्याचा.

सावधान: धावणारा स्वतः घसरून पडला आणि त्याला समोरच्या कुणी स्पर्श केला नसेल, तर एनएफएलमध्ये तो उठून पुन्हा धावू शकतो. गुडघा टेकला म्हणजे प्ले संपला असं समजून नजर काढू नका.

टीव्हीचा कॅमेरा मैदानाची खोल बाजू दाखवत नाही. रिसीव्हर कसा सुटला हे रिप्लेमध्येच कळतं, म्हणून रिप्ले म्हणजे विश्रांती समजू नका.

## ६. पिवळं फडकं

घरातला आनंदाचा जल्लोष अर्ध्यावर थांबवणारी ही गोष्ट. मोठा प्ले झाला की आधी मैदानावर पिवळं फडकं पडलंय का पाहा, मग टाळ्या.

दंडांची पूर्ण यादी पाठ करू नका. सुरुवातीला हे पुरे:

- फॉल्स स्टार्ट: ऑफेन्सचा माणूस स्नॅपआधी हलला. ५ यार्ड मागे.
- ऑफसाइड: डिफेन्सचा माणूस स्नॅपच्या क्षणी रेघेच्या पलीकडे. ५ यार्ड.
- ऑफेन्सचं होल्डिंग: समोरच्याला पकडून ठेवणं. १० यार्ड मागे. फर्स्ट अँड टेनचं फर्स्ट अँड ट्वेंटी होतं आणि मालिका बहुधा तिथेच मरते.
- डिफेन्सचं पास इंटरफिअरन्स: पास येण्याआधीच रिसीव्हरला धरणं-ढकलणं. जिथे चूक झाली तिथे चेंडू आणि फर्स्ट डाउन. यात ४० यार्डही जाऊ शकतात.
- धोकादायक खेळ: हेल्मेटची जाळी ओढणं, पास फेकून झालेल्या क्वार्टरबॅकला आपटणं वगैरे. १५ यार्ड.

ज्यांच्यावर अन्याय झाला त्या संघाला दंड नाकारता येतो. समजा फडकं डिफेन्सच्या ऑफसाइडचं आहे, पण प्लेमध्ये ऑफेन्सला ३० यार्ड मिळालेत. ते पाच यार्ड कशाला घेतील? पंच "डिक्लाइन्ड" म्हणतो तेव्हा हेच झालेलं असतं. प्रशिक्षकाने टाकलेलं लाल फडकं वेगळं, ते पंचांच्या निर्णयाला दिलेलं आव्हान. ते फसलं तर एक टाइमआउट जातो.

## ७. गुण

टचडाउन, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या एंड झोनमध्ये नेणं, ६. त्यानंतर लाथेने १ किंवा दोन यार्डांवरून पुन्हा एक प्ले खेळून २. फील्ड गोल, म्हणजे लाथेने चेंडू खांबांमधून मारणं, ३. ऑफेन्सला त्यांच्याच एंड झोनमध्ये पाडलं तर डिफेन्सला २, त्याला सेफ्टी म्हणतात (खेळाडूच्या जागेचंही तेच नाव, संदर्भाने ओळखा). सेफ्टीनंतर चेंडूही त्यांनाच मिळतो.

टचडाउनसाठी चेंडू जमिनीला टेकवायची गरज नाही. हातातल्या चेंडूचं टोक गोल रेषेवर पोचलं की झालं.

आठ गुणांची आघाडी म्हणजे समोरच्यांना एका फेरीत बरोबरी करता येते: सहा अधिक दोन. नऊची असेल तर चेंडू दोनदा मिळवावा लागतो. शेवटच्या दहा मिनिटांत आठ आणि नऊ यांत फार मोठा फरक असतो. तो कळला की प्रशिक्षक का चरफडतोय ते कळतं.

## ८. चौथा डाउन

तीन वाटा असतात.

पंट: चेंडू लांब लाथाडून समोरच्यांना देणं. नवख्यांना ही हार वाटते. आपल्या २५ वर चौथा डाउन फसला तर समोरच्यांना एंड झोन फक्त २५ यार्डांवर मिळतो, पंट चांगला बसला तर त्यांना बरंच लांबून सुरुवात करावी लागते. अशा वेळी पंटच शहाणपणाचा.

फील्ड गोल: खांब एंड झोनच्या मागच्या टोकाला असतात आणि चेंडू स्नॅपने सात-आठ यार्ड मागे जातो. म्हणून चेंडू ज्या रेघेवर आहे त्यात १७-१८ मिळवा. समोरच्यांच्या ३० वरून म्हणजे जवळपास ४८ यार्डांची लाथ. हुकली तर समोरच्यांना चेंडू लाथ मारली त्या जागेवरून मिळतो, म्हणून फार लांबून मारायलाही धाडस लागतं.

चौथाही खेळणं: एक-दोन यार्डच हवेत, मैदानाचा मध्य ओलांडलाय किंवा वेळ संपत आलाय, तेव्हा.

तपासा: चौथ्या डाउनला चित्र थांबवा. जागा, अंतर, गुण, वेळ बघून स्वतः निर्णय सांगा आणि मग पुढे चालवा. प्रशिक्षकाशी मतभेद व्हायला लागले की तुम्ही खरंच सामना बघताय.

## ९. घड्याळ

पंधरा मिनिटांचे चार क्वार्टर, पण सामना तीन तासांच्या वर जातो. घड्याळ कशाने थांबतं हे लक्षात ठेवा: खाली पडलेला पास, टाइमआउट (प्रत्येक अर्ध्यात संघाला तीन), गुण, आणि प्रत्येक अर्ध्याच्या शेवटच्या दोन मिनिटांची सूचना. मैदानाच्या आत पाडलेल्या धावेने घड्याळ थांबत नाही. खेळाडू चेंडू घेऊन रेघेबाहेर गेला तर पहिल्या अर्ध्याची शेवटची दोन आणि दुसऱ्याची शेवटची पाच मिनिटं ते पुढच्या स्नॅपपर्यंत थांबून राहतं. इतर वेळी पंचांच्या इशाऱ्यावर लगेच सुरू होतं. म्हणूनच आघाडीवरचा संघ धावत राहतो आणि पिछाडीवरचा पास फेकत कडेकडेने जातो.

हे सगळं एकत्र बघायचं तर १ फेब्रुवारी २०१५ च्या ४९ व्या सुपर बोलचं शेवटचं मिनिट शोधून काढा. न्यू इंग्लंड पेट्रियट्स २८, सिअ‍ॅटल सीहॉक्स २४. चार गुण कमी, म्हणजे सिअ‍ॅटलला फील्ड गोल निरुपयोगी, टचडाउनच हवा. मार्शॉन लिंच पाचवरून धावून एक यार्डावर पोचतो. सेकंड अँड गोल, २६ सेकंद, सिअ‍ॅटलकडे एक टाइमआउट. लिंचला पुन्हा चेंडू का दिला नाही, असं आजही विचारलं जातं. घड्याळाने बघा. धाव फसली असती तर तो एकुलता टाइमआउट जळला असता आणि थर्ड डाउनला पास फेकणं जवळपास भाग पडलं असतं. आधी पास फेकला आणि तो पडला, तर घड्याळ आपोआप थांबतं, टाइमआउट हातात राहतो आणि पुढे धाव-पास दोन्ही खुले. हिशेब चुकीचा नव्हता. रसेल विल्सनने पास फेकला आणि माल्कम बटलरने तो मधेच हिसकावला.

तरी तिथे संपलं नाही. पेट्रियट्सचा चेंडू त्यांच्याच गोल रेषेला खेटून होता. एरवी अशा वेळी क्वार्टरबॅक मुद्दाम गुडघा टेकून प्ले तिथेच सोडतो आणि वेळ संपवतो, पण इथे मागे सरून गुडघा टेकला असता तर सेफ्टी, म्हणजे दोन गुण आणि चेंडूही गेला असता. मग सिअ‍ॅटलच्या मायकल बेनेटने स्नॅपआधीच उडी घेतली. पाच यार्डांचा दंड, आणि टॉम ब्रेडीला गुडघा टेकायला पुरेशी जागा मिळाली. वरचे सहावा, सातवा आणि नववा टप्पा या एका पाच यार्डांत आहेत.

## १०. सामना शाळेचा किंवा कॉलेजचा असेल तर

अमेरिकेत वाढणारी आपली मुलं शुक्रवारी संध्याकाळी हायस्कूलच्या सामन्याला जातात आणि आई-वडील टीव्हीवरच्या नियमांनी पंचांवर चिडतात. तिथे क्वार्टर बहुतेक ठिकाणी १२ मिनिटांचा असतो. शाळा आणि कॉलेज दोन्हीकडे झेलाला एकच पाय आत टेकला तरी चालतो, आणि धावणाऱ्याचा गुडघा टेकला की कुणी स्पर्श केला असो वा नसो, प्ले संपला. कॉलेजमध्ये डिफेन्सच्या पास इंटरफिअरन्सचा दंड जास्तीत जास्त १५ यार्ड.

मूल कमरेला पट्ट्या लावून फ्लॅग फुटबॉल खेळत असेल तर तिथे पाडापाडी नसते, पट्टी ओढली की प्ले थांबतो. लॉस एंजेलिसच्या २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये येणारा प्रकार तो, एका बाजूला पाच जणांचा. पहिल्या सामन्याला जाण्याआधी मुलाला एवढंच विचारा की त्यांच्या लीगमध्ये फर्स्ट डाउन कुठवर गेल्यावर मिळतो. बऱ्याच ठिकाणी दहा यार्डांऐवजी मैदानाचा मध्य ओलांडावा लागतो, आणि ते माहीत नसेल तर तिसऱ्या टप्प्यातली सगळी मोजणी चुकते.